सॅल्मन, कोलंबिया नदी आणि १८५५ चा करार

आज आपल्याला एका माशाचा इतिहास बघायचा आहे, आणि त्या माशाच्या निमित्ताने एका कराराचा.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. मुंबईच्या हॉटेलांत मेनूकार्डावर रावसाच्या पुढे 'इंडियन सॅल्मन' असं लिहिलेलं असतं. रावस चवीला उत्तम, त्याबद्दल वाद नाही, पण सॅल्मनच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. आज आपण बोलणार आहोत तो सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, खाऱ्या पाण्यात वाढतो आणि मरायला पुन्हा आपल्या जन्माच्या ओढ्यात येतो. कोकणातल्या श्रोत्यांना चढणीचे मासे ठाऊक असतील. पहिला जोरदार पाऊस पडला की वहाळातून उलट्या प्रवाहात वर चढणारे. तीच चढण डोळ्यांसमोर आणा आणि ती सुमारे १,४५० किलोमीटर लांब करा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर न्या. अमेरिकेत आयडाहो राज्याच्या डोंगरांत रेडफिश लेक नावाचं तळं आहे. तिथला सॉकाय जातीचा सॅल्मन पॅसिफिक महासागरातून निघून कोलंबिया नदीत शिरतो, तिथून स्नेक नदीत, मग सॅल्मन याच नावाच्या नदीत, आणि शेवटी या तळ्यात पोचतो. या संपूर्ण प्रवासात तो काही खात नाही.

आता या माशाचं आयुष्य जरा सावकाश बघू, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे.

शरद ऋतूत मादी तळाशी शेपटीने गोटे उकरून खळगा करते. त्यात गाबोळी सोडते, नर ती फळवतो, आणि मादी पुन्हा गोट्यांनी खळगा झाकून टाकते. अंडी जातीप्रमाणे काही हजार असतात. हिवाळाभर ती गोट्यांच्या फटींमध्ये राहतात. त्या फटींतून थंड, स्वच्छ पाणी वाहत राहिलं पाहिजे, कारण अंड्यांना प्राणवायू त्यातूनच मिळतो. वरच्या डोंगरावरची झाडं तोडली, गाळ वाहून आला, फटी बुजल्या, की अंडी गुदमरली. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोटाला लागलेल्या बलकाच्या पिशवीवर काही आठवडे जगतं आणि मग गोट्यांतून वर येतं. काही जातींची पिल्लं लगेच समुद्राकडे निघतात, काही एखाद-दोन वर्षं नदीत किंवा तळ्यात काढतात.

मग एका वसंतात या पिल्लांत मोठा बदल होतो. अंगावरचे उभे पट्टे जाऊन अंग चांदीसारखं होतं. कल्ले आणि मूत्रपिंडं यांचं काम जवळजवळ उलटं होतं. गोड्या पाण्यात शरीरातलं मीठ धरून ठेवायचं असतं, समुद्रात ते बाहेर टाकायचं असतं. ही तयारी समुद्रात पोचण्याआधी, नदीतच होते. आणि ती ठरावीक काळापुरती असते. बर्फ वितळून नदीला पूर आलेला असतो, त्या पाण्याने पिल्लाला वेळेत खाली नेलं पाहिजे. ही वेळ चुकू नये, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

समुद्रात एक ते पाच वर्षं. मग परत. नदीत शिरल्यावर खाणं बंद, शरीरातली चरबी आणि मांस जाळत प्रवास. नराचा जबडा आकड्यासारखा वळतो, सॉकायचं अंग लालभडक होतं. वर पोचला, अंडी घातली की पॅसिफिक सॅल्मन काही दिवसांत मरतो. त्याचं कलेवर कुजतं, त्यावर किडे जगतात, आणि ते किडे पुढे त्याचीच पिल्लं खातात. अस्वलं मासे ओढून रानात नेतात. काठावरच्या झाडांच्या लाकडात समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडला आहे, तो या मार्गाने आलेला.

हे सगळं माणसाला कळायला फार वेळ लागला. युरोपातल्या नद्यांत याचा भाऊबंद, अटलांटिक सॅल्मन, असतो. नदीतली पट्टेवाली पिल्लं ही वेगळीच मासळी आहे, असं तिथे बरेच जण मानत. स्कॉटलंडमध्ये जॉन शॉ या माणसाने १८३० च्या दशकात ती पिल्लं तळ्यात पाळली आणि ती चांदीसारखी होताना पाहिली, तेव्हा तो वाद मिटत गेला. मासा आपला ओढा ओळखतो कसा, याचं उत्तर तर विसाव्या शतकातलं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर १९४० च्या दशकात आपल्या मूळ गावाकडे, युटामधल्या डोंगरात, फिरत होते. धबधब्याजवळ शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि लहानपणच्या विसरलेल्या आठवणी एकदम वर आल्या. त्यांना वाटलं, माशाचंही असंच असेल का? पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या नाकपुड्या बंद करून बघितल्या. नाक उघडं असलेले मासे आपापल्या ओढ्याकडे गेले, बंद नाकाचे गोंधळले. म्हणजे पिल्लू समुद्राकडे जाताना आपल्या ओढ्याचा वास मनात साठवतं. खुल्या समुद्रात दिशा धरायला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मदत करतं, असंही आता दिसून येतं.

तर मंडळी, सॅल्मनचं घर म्हणजे नकाशावरचा एखादा ठिपका नव्हे. ओढा, नदी, नदीमुख, समुद्र आणि परतीची तीच वाट, हे सगळं मिळून त्याचं घर. यातला एक दुवा तुटला की बाकीचे शाबूत असून उपयोग नाही.

आता माणसांकडे येऊ. कोलंबिया नदीवर, ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर, सेलिलो नावाचा धबधबा होता. स्थानिक भाषेत वाय-ॲम. खडकांच्या चिंचोळ्या वाटांतून सगळी नदी आदळत जायची, आणि सॅल्मनला इथून उड्या मारतच वर जावं लागायचं. त्या खडकांवर लाकडी मचाणं बांधून, लांब दांड्याच्या झोळीसारख्या जाळ्यांनी लोक मासे पकडत. या परिसरात हजारो वर्षांपासून मासेमारी चालत असल्याचे पुरावे उत्खननात मिळाले आहेत. याकामा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज, नेझ पर्स, अशा कितीतरी जमातींचे लोक इथे जमत. वाळवलेल्या माशांचा व्यापार चाले. १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये लुईस आणि क्लार्क यांची मोहीम इथून गेली, तेव्हा काठावर सुकवलेल्या सॅल्मनच्या थप्प्या त्यांनी पाहिल्या. हंगामातला पहिला सॅल्मन आला की त्याचा मान ठेवून विधी व्हायचा, आणि मगच बाकीची मासेमारी.

१८५५ साली वॉशिंग्टन प्रदेशाचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी यांतल्या बहुतेक जमातींशी करार केले. जमातींनी लाखो एकर जमीन सोडली. पण एक गोष्ट सोडली नाही. आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या सगळ्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला, गोऱ्या नागरिकांच्या बरोबरीने. कागदावर ते एवढंच वाक्य आहे. 'वहिवाट' हा शब्द आपल्याकडे शेताच्या बांधावर ऐकू येतो, तोच अर्थ इथे घ्या. गंमत अशी की हक्क ठिकाणाचा लिहिला गेला. त्या ठिकाणी मासा येत राहील, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं. १८५५ साली नदीत मासा येणार नाही, असं कुणाला सुचलंही नसतं. माणसांनी जुळवलेले अंदाज सांगतात, की त्या काळी कोलंबियात दरवर्षी एक कोटी ते एक कोटी साठ लाख मोठे सॅल्मन परतत असावेत.

मग काय झालं? १८६६ साली कोलंबियावर मासा डब्यात भरण्याचा पहिला कारखाना निघाला. पहिल्या वर्षी सुमारे चार हजार पेट्या, एका पेटीत एक-एक पौंडाचे ४८ डबे. १८८३ साली जवळजवळ चाळीस कारखाने होते आणि पेट्या सहा लाखांच्या वर. नदीत 'फिश व्हील' बसवले गेले, म्हणजे रहाटासारखी चाकं. प्रवाहाने फिरायची आणि मासे आपोआप उपसून काढायची. त्या चाकांच्या मालकांनी काठ विकत घेतला आणि याकामा लोकांना त्यांच्याच वहिवाटीच्या जागी यायला बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०५ साली, विनान्स खटल्यात, न्यायालयाने सांगितलं की करारात सरकारने जमातींना हक्क दिलेला नाही. हक्क त्यांचा होताच, त्यांनी तो स्वतःकडे ठेवून बाकीचं दिलं. जमिनीचा मालक कुणीही असो, त्यांची वाट अडवता येणार नाही. म्हणजे माणसाला नदीपर्यंत जायची वाट कायद्याने मिळाली. माशाच्या वाटेचा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता.

इथे एक माणूस महत्त्वाचा आहे. स्पेन्सर बेअर्ड, अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचे पहिले प्रमुख. १८७५ साली ओरेगनच्या लोकांनी त्यांना विचारलं, मासा टिकवायचा कसा? बेअर्ड यांचं निदान अचूक होतं. बेसुमार मासेमारी, बंधारे आणि नदीची नासधूस, ही तीन कारणं त्यांनी सांगितली. पण उपाय वेगळाच सांगितला. निर्बंध घालणारे कायदे पाळले जाणार नाहीत, ते करण्यात पैसा आणि वेळ घालवण्यापेक्षा कृत्रिम पद्धतीने मासे निपजवा, म्हणजे इतके मासे होतील की निर्बंधांची गरजच उरणार नाही. आपल्याकडे ज्याला मत्स्यबीज केंद्र म्हणतात, ते हे. दोनच वर्षांत, १८७७ साली, कोलंबियाच्या क्लॅकमस या उपनदीवर असं केंद्र उभंही राहिलं.

या सल्ल्याचा मोह आपल्याला समजू शकतो. कुणालाच काही सोडावं लागत नाही. कारखानदार खूश, लाकूडवाले खूश, सरकारही खूश. पण त्यामागचा विचार बघा. सॅल्मनच्या आयुष्याची जी साखळी आपण मघाशी पाहिली, तिचा एक दुवा काढून तिथे टाकी बसवता येते, असं मानलं गेलं. एकदा हे मान्य केलं, की मग नदी इतर कामांना मोकळी झाली.

आणि ती वापरली गेली. १९३८ साली बॉनव्हिल धरण पूर्ण झालं. त्याला मत्स्यसोपान होते, म्हणजे वर चढणाऱ्या माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या. ग्रँड कूली धरणाला तेही नव्हते. सुमारे १६८ मीटर उंचीची ती भिंत, आणि तिच्यावरची सगळी नदी, थेट कॅनडापर्यंत, सॅल्मनला कायमची बंद. तिच्या फुगवट्यात केटल फॉल्स हा दुसरा मोठा मासेमारीचा धबधबा जाणार होता. १९४० च्या जूनमध्ये अनेक जमातींचे हजारो लोक तिथे जमले आणि तीन दिवस त्यांनी त्या जागेचा निरोप घेतला. त्या मेळाव्याला अश्रूंचा सोहळा म्हणतात. 'धरणग्रस्त' हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. इथे माणसांबरोबर मासाही धरणग्रस्त होता.

सेलिलोची पाळी १९५७ साली आली. १० मार्चला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केले. काठावर लोक उभे होते. काही तासांत धबधब्याचा आवाज थांबला आणि वर सपाट तळं दिसू लागलं. जमातींना सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई मिळाली. करारातला हक्क मात्र तसाच होता. नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क होता, आणि ते ठिकाण पाण्याखाली होतं.

पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत स्नेक नदीच्या खालच्या भागात आणखी चार धरणं झाली. आता रेडफिश लेक आणि समुद्र यांच्यामध्ये आठ धरणं आहेत. या आठही धरणांना पायऱ्या आहेत बरं का. मोठा मासा पायऱ्या चढून जाऊ शकतो. मग अडचण कुठे? अडचण खाली जाणाऱ्या पिल्लाची. मघाशी म्हटलं होतं, वेळ चुकू नये. पूर्वी पूर त्याला समुद्राकडे ढकलायचा. आता एकामागून एक संथ जलाशय, तापलेलं पाणी, टपून बसलेले मोठे मासे आणि टर्बाइन. शरीर समुद्रासाठी तयार होतं आणि समुद्र अजून शेकडो किलोमीटर लांब असतो. शेवटी लाखो पिल्लं पकडून बोटींतून आणि ट्रकांतून धरणांच्या खाली नेऊन सोडावी लागली. माशाला ट्रकमधून नदीपार करायचं, यावरून काय ते समजा.

१९९० साली रेडफिश लेकमध्ये एकही सॉकाय परतला नाही. १९९१ साली चार आले, आणि त्याच वर्षी त्यांना संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. १९९२ साली एकच आला. नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं लोनसम लॅरी, एकटा लॅरी. शास्त्रज्ञांनी त्याचं बीज गोठवून ठेवलं, परतलेल्या थोड्या माशांची पिल्लं टाक्यांत वाढवली, आणि तो वंश अगदी काठावरून मागे ओढला. इथे आपण न्यायाने बोललं पाहिजे. मत्स्यबीज केंद्र म्हणजे वाईट, असा निष्कर्ष काढू नका. वंश वाचवायला तेच कामी आलं. पण त्या टाकीतली पिल्लं शेवटी नदीतच सोडायची असतात. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबियाचं पाणी इतकं तापलं, की स्नेक नदीकडे निघालेले बहुतेक सॉकाय वाटेतच मेले. टाकी होती, पण वाट नव्हती.

आता कराराकडे परत येऊ. धरणांच्या काळात मूलनिवासी कोळ्यांना राज्याचे अधिकारी पकडत होते, कारण काय, तर मासे कमी झाले आहेत. बिली फ्रँक हा निस्क्वाली जमातीचा मुलगा १४ वर्षांचा असताना, १९४५ साली, पहिल्यांदा पकडला गेला. पुढे पन्नासहून अधिक वेळा. कोलंबियावर डेव्हिड सोहॅपी यांचा खटला उभा राहिला आणि १९६९ साली न्यायाधीश बेलोनी यांनी सांगितलं, जमातींना माशांचा न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी पश्चिम वॉशिंग्टनच्या जमातींसाठी तो वाटा ठरवला. वाट्याला येणाऱ्या माशांपैकी निम्मे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः उचलून धरला.

पण निम्मे म्हणजे कशाचे निम्मे? मासाच आला नाही तर शून्याचे निम्मे शून्यच. म्हणून २००१ साली या जमाती पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि या वेळी विषय होता रस्त्याखालच्या मोऱ्यांचा. हो, मोऱ्या! ओढ्यावरून रस्ता नेताना खाली पाइप टाकतात, ती मोरी. पाइपचं तोंड ओढ्याच्या वर लटकत राहिलं, किंवा आत पाणी फार जोरात वाहिलं, की मासा चढू शकत नाही. जमातींचं म्हणणं साधं होतं. मासे धरण्याचा हक्क दिलात, तर मासा येण्याची वाट बुजवता येणार नाही. खालच्या न्यायालयांनी हे मान्य केलं आणि शेकडो मोऱ्या सुधारण्याचा आदेश झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी समान मतं पडली, त्यामुळे तो आदेश कायम राहिला. १८५५ च्या त्या एका वाक्याचा अर्थ लावता लावता कायदा शेवटी त्या माशाच्या आयुष्याच्या साखळीपर्यंत येऊन पोचला. १६३ वर्षं लागली.

धरणंही काही ठिकाणी निघाली. वॉशिंग्टनमधल्या एल्व्हा नदीवरची दोन २०११ ते २०१४ या काळात, आणि ओरेगन-कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची चार २०२४ पर्यंत. क्लॅमथचं काम संपल्यावर काही आठवड्यांतच, धरणांच्या वरच्या बाजूला, ओरेगनमध्ये, चिनूक सॅल्मन दिसले. १९१२ नंतर पहिल्यांदा. आता इथे कुणीही विचारेल, की मासा वास लक्षात ठेवून येतो, मग ज्या ओढ्याचा वास शंभर वर्षांत कुणालाच माहीत नाही, तिथे तो गेला कसा? उत्तर असं, की सगळेच मासे घरी परतत नाहीत. दर पिढीत काही थोडे वाट सोडून भलत्याच ओढ्यात शिरतात. हिमयुगानंतर बर्फ मागे सरलं, तेव्हा नव्या नद्यांत सॅल्मन गेला तो अशाच माशांमुळे. ते नेहमीच असतात. फक्त त्यांच्यासमोर भिंत नसावी लागते.

ग्रँड कूली आणि स्नेकवरची धरणं जागेवर आहेत. त्यांच्यावर वीज चालते, शेती चालते, धान्याच्या बोटी चालतात, आणि त्यांच्याबद्दलचा वाद आजही चालू आहे. २०२३ साली ग्रँड कूलीच्या वर सॅल्मन पुन्हा आणण्यासाठी अमेरिकन सरकारने तिथल्या जमातींशी वीस वर्षांचा, २० कोटी डॉलरचा समझोता केला.

आणि सेलिलो? २००८ साली ध्वनिलहरींनी नदीचा तळ तपासला, तेव्हा तो धबधबा खाली तसाच्या तसा उभा असल्याचं दिसलं. काठावर सेलिलो नावाचं लहानसं गाव अजून आहे. दर वसंतात तिथे पहिल्या सॅल्मनचा विधी होतो. समुद्रातून येऊन बॉनव्हिल आणि द डॅल्स या दोन धरणांच्या पायऱ्या चढलेला मासाच आता तिथवर पोचतो.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.